आभासी संगणकाचा सातबारा

प्रोसेसरमध्ये असलेली सुविधा आभासी संगणकात का दिसत नाही? विचारायचे कोणाला आणि काय?

उंब्रज, ता. कराड : शेतात विहीर आहे, तिला बारमाही पाणीही आहे, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. अशा विहिरीचे काय होते, हे कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. वीजजोडणीचा अर्ज अडतो, कर्जाचे प्रकरण अडते. पाणी डोळ्यांना दिसत असते, कागदाला दिसत नसते. आणि व्यवहार तर कागदावर चालतो. संगणकाच्या पोटात चालणाऱ्या 'आभासी संगणकां'ची गतही बरीचशी अशीच आहे. प्रोसेसरमध्ये एखादी सुविधा प्रत्यक्ष असते, पण आभासी संगणकाला दिलेल्या नोंदीत ती नसते. मग कार्यक्रम बंद पडतो आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी मारला जातो.

एक उदाहरण घेऊ. कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर, पुणे-बंगळुरू महामार्गालगत वसलेल्या उंब्रजमधून कराडच्या किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयात शिकायला जाणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. प्रकल्पासाठी त्याला 'मोंगोडीबी' ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली हवी आहे. घरच्या संगणकावर विंडोज आहे आणि त्यावर घरातल्या इतरांचीही कामे चालतात. त्याला धक्का न लावता त्याने 'व्हर्च्युअलबॉक्स' बसवले, त्यात उबुंटू लिनक्सचा एक आभासी संगणक उभा केला आणि त्यावर मोंगोडीबी चालू केली. पडद्यावर दोनच शब्द उमटले : 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे अवैध आज्ञा. प्रणाली सुरू होण्याआधीच बंद पडली.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो : 'प्रोसेसर जुना झाला, संगणक बदला.' तो कधी बरोबरही असतो. पण अनेकदा तो चुकीच्या दारात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. नव्या संगणकाच्या खर्चात पडण्यापूर्वी योग्य प्रश्न योग्य ठिकाणी कसा विचारावा, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रोसेसरची ओळख सांगणारी आज्ञा

संगणकाचा प्रोसेसर ठरावीक आज्ञा ओळखतो. बेरीज कर, इथली संख्या तिथे ने, अशा साध्या आज्ञांचा मूळ संच सर्वांकडे असतो. मात्र दर काही वर्षांनी उत्पादक त्यात नव्या आज्ञांची भर घालतात. 'एव्हीएक्स' ही त्यांपैकी एक सुविधा. इंटेलच्या २०११ मध्ये आलेल्या 'सँडी ब्रिज' पिढीपासून ती उपलब्ध झाली. तिच्यामुळे ३२ बिटांच्या आठ अपूर्णांकी संख्यांवर एकाच आज्ञेत एकाच वेळी गणित करता येते. मोंगोडीबीची ५.० ही आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली आणि तेव्हापासून इंटेल-एएमडी घराण्यातील संगणकांवर ती या सुविधेशिवाय चालत नाही.

आपण ज्या प्रोसेसरवर चालत आहोत, त्याला कोणत्या आज्ञा कळतात, हे सॉफ्टवेअरला कसे समजावे? पूर्वी त्यासाठी आडमार्गाच्या युक्त्या कराव्या लागत. अमुक बिट बदलून पाहायचा, तो बदलला तर प्रोसेसर या पिढीचा, न बदलला तर त्या पिढीचा, असा तर्क चाले. इंटेलने १९९३ मध्ये पेंटियम बाजारात आणला, तेव्हा या तर्कांची जागा एका अधिकृत आज्ञेने घेतली. तिचे नाव 'सीपीयूआयडी'. पेंटियमच्या घडणीत मोठा वाटा असलेले आणि पुढे 'पेंटियमचे जनक' म्हणून ओळखले गेलेले अभियंते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल.

या आज्ञेची रीत सोपी आहे. सॉफ्टवेअर एका ठरलेल्या जागी प्रश्नाचा क्रमांक ठेवते आणि सीपीयूआयडी म्हणते. प्रोसेसर चार जागी प्रत्येकी ३२ बिटांचे उत्तर ठेवतो. शून्य क्रमांकाच्या प्रश्नाला उत्पादकाची बारा अक्षरी खूण मिळते; इंटेलची 'जेन्युइन इंटेल', एएमडीची 'ऑथेंटिक एएमडी'. एक क्रमांकाच्या प्रश्नाला सुविधांची यादी मिळते. या यादीतील प्रत्येक बिट म्हणजे एक रकाना : १ असेल तर सुविधा आहे, ० असेल तर नाही. एव्हीएक्सचा एक रकाना, कूटलेखन वेगाने करणाऱ्या 'एईएस' आज्ञांचा दुसरा. हाच प्रोसेसरचा सातबारा.

नोंद लिहिणारा मधला माणूस

प्रत्यक्ष संगणकावर हा उतारा थेट प्रोसेसरकडून मिळतो. आभासी संगणकात मात्र मध्ये एक जण उभा असतो. एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हायपरव्हायजर' म्हणतात. खरा संगणक हा यजमान, आभासी संगणक हा पाहुणा. पाहुण्याच्या बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणूनच तो पुरेसा वेगवान असतो. सीपीयूआयडी मात्र थेट चालत नाही. इंटेलने २००५ मध्ये आणलेल्या 'व्हीटी-एक्स' या तंत्रात पाहुण्याने ही आज्ञा उच्चारताच प्रोसेसर थांबतो आणि कारभार हायपरव्हायजरच्या हाती देतो. उत्तर काय द्यायचे ते तो ठरवतो. पाहुण्याला वाटते की आपण प्रोसेसरला विचारले. प्रत्यक्षात उतारा लिहून देणारा दुसराच असतो. गाव ज्याला आजही तलाठीच म्हणते, त्याने लिहिले ते शेताचे चित्र. हायपरव्हायजरने लिहिले ते प्रोसेसरचे चित्र.

या उताऱ्यात आणखी एक रकाना आहे. एक क्रमांकाच्या प्रश्नाच्या उत्तरातील एक बिट खऱ्या प्रोसेसरवर नेहमी शून्य असतो. हायपरव्हायजर तो १ करून ठेवतात. 'तू आभासी संगणकात आहेस' हे सांगणारी ही खूण. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किंवा लिनक्सच्या 'एलएससीपीयू' या आज्ञेत आपण आभासी संगणकावर असल्याचा उल्लेख दिसतो, त्यामागे असे संकेत असतात.

कमी लिहिण्यामागचे कारण

असलेली सुविधा लपवण्यात हायपरव्हायजरचा काय फायदा? हा निष्काळजीपणा नसतो. पुष्कळदा तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो.

मोठ्या माहिती केंद्रांत शेकडो यजमान संगणक असतात. ते सगळे एकाच वर्षी घेतलेले नसतात. एखादा दुरुस्तीसाठी बंद करायचा तर त्यावरचे पाहुणे चालू अवस्थेत दुसऱ्या यजमानाकडे हलवले जातात. बँकेचा ग्राहक व्यवहार करीत असतो आणि त्याच क्षणी त्याचा व्यवहार सांभाळणारा आभासी संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेला असतो. ग्राहकाला याचा पत्ताही लागत नाही. पण कार्यप्रणाली आणि कार्यक्रम प्रोसेसरच्या सुविधांची चौकशी साधारणतः सुरुवातीलाच एकदा करतात आणि तेच उत्तर धरून चालतात. नव्या यजमानावर एव्हीएक्स पाहिले, नंतर पाहुणा जुन्या यजमानावर आला, तर पुढच्या एव्हीएक्स आज्ञेला तो कोसळणार. उताऱ्यावर विहीर आहे, शिवारात नाही, अशी ही उलटी परिस्थिती. नोंद नसण्यापेक्षा ती अधिक घातक.

म्हणून सर्व यजमानांत समान असलेल्या सुविधाच पाहुण्याला दाखवायच्या, असा व्यवहार्य मार्ग काढला गेला. व्हीएमवेअरने २००८ मध्ये 'ईव्हीसी' या नावाने ही सोय दिली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ती 'प्रोसेसर कंपॅटिबिलिटी' या पर्यायात मिळते. लिनक्सच्या जगात 'केव्हीएम' आणि 'क्यूईएमयू' ही जोडी वापरली जाते. तिथे पाहुण्याला कोणत्या पिढीचा प्रोसेसर दाखवायचा याचे तयार नमुने असतात आणि त्यांतील सर्वांत साधा नमुना बऱ्याच सुविधा झाकून ठेवतो. 'प्रॉक्समॉक्स' या लोकप्रिय प्रणालीत नव्या आभासी संगणकासाठी असाच जुना नमुना आपोआप निवडला जाई. २०२३ मधील आठव्या आवृत्तीत तो बदलून अधिक सुविधांचा नमुना आला. पण त्यातही एव्हीएक्स नाही. त्यामुळे तिथे पर्यायाला हात न लावता मोंगोडीबी बसवणाऱ्याची आजही तीच अडचण होते.

उदाहरणातील विद्यार्थ्याच्या घरी मात्र ना माहिती केंद्र आहे, ना स्थलांतर. व्हर्च्युअलबॉक्स २०१५ च्या ५.० आवृत्तीपासून एव्हीएक्ससारख्या सुविधा पाहुण्याला दाखवते. मग त्याचा उतारा कोरा का? कारण विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायजर आधीच चालू असू शकतो. सुरक्षेची 'मेमरी इंटेग्रिटी' ही सोय किंवा विंडोजमधले लिनक्स चालू केले, की तो पडद्याआड जागा होतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. त्याला विंडोजच्या हायपरव्हायजरमार्फत काम करावे लागते. खालच्या पट्टीत कासवाचे छोटे चित्र दिसते, ते याचेच चिन्ह. अशा वेळी काम मंदावते आणि एव्हीएक्ससारखी सुविधा पाहुण्याच्या नजरेआड होऊ शकते. आता एकाऐवजी दोन मधले माणूस आले.

चार दारे, चार प्रश्न

तेव्हा 'ही सुविधा आहे का?' हा प्रश्न एकदा नव्हे, चार ठिकाणी विचारायचा असतो.

पहिले दार खऱ्या प्रोसेसरचे. यजमानावर लिनक्स असेल तर 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी. 'फ्लॅग्ज' या ओळीत सुविधांची छोटी नावे येतात. 'व्हीएमएक्स' दिसले तर इंटेलचे आणि 'एसव्हीएम' दिसले तर एएमडीचे आभासीकरणाचे तंत्र प्रोसेसरमध्ये आहे. 'एव्हीएक्स', 'एव्हीएक्स २', 'एईएस' ही नावेही तिथेच शोधावीत. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील 'कोअरइन्फो' हे छोटे साधन हीच यादी देते. असलेल्या सुविधेपुढे तारा, नसलेल्यापुढे आडवी रेघ. मात्र विंडोजचा हायपरव्हायजर जागा असेल तर या साधनाची आभासीकरणाविषयीची उत्तरेही फसवी ठरू शकतात. इथे वर्षावर विसंबू नये. इंटेलच्या २०२० मधील काही स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरांत एव्हीएक्स नव्हते, तर २०११ च्या कित्येक कोअर प्रोसेसरांत ते होते. प्रोसेसर नवा म्हणजे सुविधा असणारच, असा नियम नाही.

आभासीकरणाचे तंत्र प्रोसेसरमध्ये असूनही संगणकाच्या बायॉसमध्ये ते बंद ठेवलेले असते, हाही नेहमीचा अनुभव. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये शिरून तो पर्याय चालू केला, की काम भागते. त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरे दार हायपरव्हायजरचे. प्रोसेसरला जे येते, ते सगळे हायपरव्हायजरला पाहुण्यापर्यंत पोहोचवता येईलच असे नाही. लिनक्सच्या केव्हीएमकडे यासाठी स्वतंत्र विचारणा आहे. तिचे नावच 'गेट सपोर्टेड सीपीयूआयडी', म्हणजे 'पेलवणारा सीपीयूआयडी सांग'. प्रोसेसर आणि केव्हीएम या दोघांनाही मान्य असलेल्या सुविधा ती सांगते. हे उत्तर म्हणजे काय देता येईल याची कमाल मर्यादा. काय दिले आहे याची नोंद नव्हे. हा फरक ध्यानात न घेतल्याने जाणकारही फसतात.

तिसरे दार आभासी संगणक उभा करणाऱ्या कार्यक्रमाचे. क्यूईएमयूला चालू असताना प्रश्न विचारता येतात. 'क्वेरी सीपीयू डेफिनिशन्स' हा प्रश्न प्रोसेसरच्या नमुन्यांची यादी देतो आणि एखादा नमुना या यजमानावर कोणत्या सुविधेअभावी अडेल, तेही सांगतो. 'क्वेरी सीपीयू मॉडेल एक्स्पान्शन' हा प्रश्न एका नमुन्याची पूर्ण फोड करून देतो. ज्यांच्याकडे 'लिबव्हर्ट' आहे, त्यांना 'व्हर्श डॉमकॅपॅबिलिटीज' या आज्ञेतून असेच उत्तर मिळते. इथे एक सावधगिरी हवी. मागितलेली सुविधा यजमानाकडे नसेल तर क्यूईएमयू केवळ इशारा छापतो, ती सुविधा गाळतो आणि पाहुणा सुरू करतो. तो इशारा कोणी वाचत नाही. 'एन्फोर्स' हा पर्याय दिला तर मात्र तो पाहुणा सुरू करण्यासच नकार देतो. महत्त्वाच्या कामासाठी हा नकारच सोयीचा.

चौथे दार पाहुण्याचे. आभासी संगणकाच्या आत जाऊन पुन्हा 'एलएससीपीयू' द्यावे. यजमानाच्या यादीत असलेले नाव पाहुण्याच्या यादीत नसेल, तर दोष प्रोसेसरचा नाही, मधल्या नोंदीचा आहे. हे दोन उतारे शेजारी ठेवणे, हीच सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची तपासणी.

नोंद दुरुस्त करण्याचा मार्ग नंतर कळतो. क्यूईएमयू आणि प्रॉक्समॉक्समध्ये प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' ठेवला, की यजमानाच्या सुविधा पाहुण्याला शक्य तितक्या दिल्या जातात. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स असेल तर विंडोजचा हायपरव्हायजर बंद करावा लागतो. त्यासोबत सुरक्षेची एक सोय जाते, याची जाणीव ठेवावी. प्रोसेसरचा प्रकार बदलल्यावर पाहुणा केवळ 'रीस्टार्ट' करून चालत नाही. तो पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावा लागतो. आणि 'होस्ट' हा पर्याय घेतला, की तो पाहुणा वेगळ्या प्रोसेसरच्या यजमानावर चालू अवस्थेत नेण्याची मुभा जवळजवळ संपते. घरच्या संगणकाला त्याचे काही नाही; माहिती केंद्राला मात्र आहे.

प्रश्न सुरक्षेचाही

हा सारा खटाटोप केवळ एखादी प्रणाली चालावी म्हणून आहे, असे समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरच्या रचनेतील दोष जगासमोर आले. एका कार्यक्रमाची गुप्त माहिती दुसऱ्याला अप्रत्यक्षपणे वाचता येईल, असा हा धोका होता. त्यावरील उपायांसाठी उत्पादकांनी प्रोसेसरच्या सूक्ष्म आज्ञावलीत नव्या सुविधा घातल्या आणि त्या आल्याची खूण ठेवली ती सीपीयूआयडीच्याच उताऱ्यात. यजमान अद्ययावत झाला, पण आभासी संगणकाचा नमुना जुनाच राहिला, तर पाहुण्याला ती खूण दिसत नाही. कुलूप बसवलेले असते, पण घरात राहणाऱ्याला किल्ली मिळालेली नसते.

मे २०१९ मध्ये 'एमडीएस' नावाचे आणखी दोष जाहीर झाले, तेव्हा लिनक्सने यावर प्रामाणिक उत्तर देण्याची पद्धत स्वीकारली. त्याच्या 'व्हल्नरेबिलिटीज' या फोल्डरात प्रत्येक दोषामागे एक ओळ असते. पाहुण्याला आवश्यक खूण दिसली नाही तर तिथे लिहून येते की, उपाय करण्याचा प्रयत्न करीत आहे, पण सूक्ष्म आज्ञावली दिसत नाही. अनेक आभासी संगणकांत ही ओळ कोणी उघडूनही पाहत नाही. त्यातच वेगाचाही प्रश्न आहे. मेल्टडाऊनवरचा उपाय 'पीसीआयडी' नावाची सुविधा दिसत असेल तर कमी वेळखाऊ ठरतो. ती पाहुण्यापासून लपवली तर संरक्षण मिळते, पण संगणक अधिक मंदावतो.

महाराष्ट्रात आज कितीतरी कारभार अशा पाहुण्या संगणकांवर चालतो. केंद्र सरकारने 'मेघराज' हा क्लाउड उपक्रम २०१४ मध्ये सुरू केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली माहिती केंद्रे ग्राहकांना खुली केली. अशा ठिकाणी जागा घेणाऱ्या संस्थेसाठी पहिली तीन दारे बंद असतात. तिला फक्त चौथ्या दारातून, म्हणजे पाहुण्याच्या आतून विचारता येते. म्हणून आभासी संगणकाचा प्रकार निवडतानाच त्यामागे कोणत्या पिढीचा प्रोसेसर आहे, हे पाहावे आणि तो ताब्यात आल्यावर सर्वांत आधी उतारा काढावा.

पुढच्या काळात हा प्रश्न वाढणारच आहे. इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांनी २०२० मध्ये प्रोसेसरच्या सुविधांच्या पायऱ्या ठरवल्या. रेड हॅटची नववी आवृत्ती २०२२ मध्ये दुसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीला तिसरी पायरी लागते. त्या पायरीत एव्हीएक्स आणि एव्हीएक्स २ दोन्ही येतात. म्हणजे आज जी अडचण एका माहितीसाठ्याची आहे, ती उद्या संपूर्ण कार्यप्रणालीची होते. झाकलेल्या नोंदीच्या आभासी संगणकात अशी प्रणाली उभीच राहणार नाही.

उदाहरणातील विद्यार्थ्याकडे पुन्हा वळू. त्याने यजमानावर यादी पाहिली आणि तिथे एव्हीएक्स नसेल, तर दुकानदाराचा सल्ला खरा ठरला. मग मोंगोडीबीची जुनी आवृत्ती वापरावी किंवा संगणकाचा विचार करावा. पण यजमानाच्या यादीत एव्हीएक्स आहे आणि पाहुण्याच्या यादीत नाही, असे आढळले तर खरेदीला जाण्याचे कारण नाही. विहीर शिवारातच आहे. दुरुस्ती करायची आहे ती उताऱ्याची.